तीस मिलिमीटर

बाबांची २०१२ची होंडा सिटी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात मला एकच गोष्ट खुपायची. टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत आख्खा पंजा जायचा. बाजूने बघितलं की वाटायचं, गाडीने ओढा ओलांडायला धोतर वर खोचलंय.

गाडी खाली बसवायची म्हटल्यावर एका गॅरेजवाल्याने "आहेत त्याच स्प्रिंगा कापून देतो" म्हणून सांगितलं. तो नाद नको. कापलेल्या स्प्रिंगेचं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यावर लटकलं की ती जागेवरून निसटू शकते. मी ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या, जास्त ताठ अशा तयार स्प्रिंगा घेतल्या. स्प्रिंगांचं डुलणं आवरणारे शॉकअप्सॉर्बर थकलेच होते, तेही चारही नवे टाकले. वर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. ते टाळलं तर टायर आतल्या कडेने झिजतात, आणि वरून बघताना कळतही नाही.

गाडी बसलेली बघून मी पार्किंगमध्येच दहा मिनिटं तिच्याभोवती फिरत होतो. फटीत आता जेमतेम दोन बोटं. आईचं मत वेगळं होतं: "गाडीत बसतेय की विहिरीत उतरतेय?"

रविवारी पहाटे ताम्हिणीला गेलो. आधी स्टिअरिंग वळवलं की गाडी पहिल्यांदा कलायची, मग थोडा विचार करून वळायची. आता वळवलं की वळली. मुळशीच्या पाण्याकाठची वळणं मी उगाच परत जाऊन घेतली.

मग वाईचं लग्न आलं. आम्ही पाच जण, डिकीत आहेराच्या पिशव्या आणि रुखवताचा एक खोका. वाईच्या अलीकडे एका गावात स्पीडब्रेकर आला आणि पोटाखालून खर्रर्र. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, फुटला म्हणून माझं पाणी पाणी झालं. खाली वाकून बघितलं, तेल गळत नव्हतं, नुसता ओरखडा. पुढच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला सगळे खाली उतरायचे, मी गाडी तिरकी काढायचो आणि सफारी घातलेले काका पलीकडे उभे राहून "ये, ये, अजून ये" असा हात करायचे.

रात्री हिशोब मांडला. मूळ ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीच्या पोटातलं अंतर, साधारण १६०-१६५ मिलिमीटर, तो झाला १३०-१३५. पाच माणसं आणि सामान भरलं की त्यातूनही बरंच खाली. नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो, पण चांगला ३.७ मीटर रुंद. सिटीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २.५५ मीटर, त्यामुळे तिचं पोट त्यावर टेकायची वेळच येऊ नये. आमच्याकडे मात्र गावकरी डांबराची वरवंट्याएवढी वळकटी टाकून मोकळे होतात.

कायद्याचंही डोक्यात होतंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल अडवले आहेत. "उंची आरसीवर कुठे लिहिलेली असते," असं गॅरेजवाले म्हणतात. अपघातानंतर विमावाल्यासमोर हा युक्तिवाद करायची माझी तयारी नव्हती.

दोन महिन्यांनी जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या, शॉकअप्सॉर्बर नवेच ठेवले. आणि पुन्हा ताम्हिणी. जड मनाने गेलो होतो, पण बारा आणे मजा शिल्लक होती! वळणात कलते थोडी, पण एकदा कललेली गाडी तिथेच स्थिर राहते, डुलत नाही. स्प्रिंगांना मी जे श्रेय देत होतो ते बरंचसं शॉकअप्सॉर्बरचं होतं. उलट अशी गाडी खाली बसवली की पुढच्या चाकाला धरणारे खालचे आर्म बाहेरच्या बाजूने वर उचलले जातात आणि ती ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू तिच्या वजनाच्या केंद्रापेक्षाही जास्त खाली घसरतो. म्हणजे ती कलायला आणखीच बघते; ताठ स्प्रिंग ते झाकते इतकंच.

दिसण्याचं म्हणाल तर धोतर पुन्हा वर गेलंय. त्या चार स्प्रिंगा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात. दिवाळीची साफसफाई निघाली की आई विचारते, "भंगारवाल्याला देऊ का रे?"

"असू देत," मी म्हणतो.