इंग्रजीत पावसापाण्याच्या गप्पा : माझा अनुभव

मी येळ्ळूरची. शिक्षण मराठी माध्यमात झालं, नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत. आमच्या कारखान्यातलं कास्टिंग मशीनिंग होऊन परदेशी जातं आणि त्याची कागदपत्रं माझ्याकडं असतात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, रिजेक्शन, डिस्पॅच हे इंग्रजीत बोलायला मला कधी जड गेलं नाही. ते शब्द रोज टेबलावर असतात. अडायचं ते त्याच्या आधी. इंग्लंडच्या ग्राहकाचा फोन दुपारी दोनला यायचा. उन्हाळ्यात तेव्हा तिकडं सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. माणूस पहिली दोन-तीन वाक्यं हवेवरच बोलणार, आणि तेवढा वेळ मी गप्प.

ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या साहेबांनी मला वाट दाखवली. म्हणाले, "अगं, तो काय हवामान खात्याचा अहवाल मागत न्हाई तुझ्याकडं. 'लव्हली डे, इझन्ट इट?' म्हटला की हो म्हणायचं, आपल्याकडचं एक सांगायचं आणि त्याला उलट इचारायचं." ऐकलं आणि मोकळी झाले. आमच्या मावशीचा खानापुराहून फोन आला की तीही पहिलं हेच विचारते, "पाऊस हाय का गं तिकडं?" तिला पावसाची काळजी असतेच, पण आधी माणसाशी बोलायला तोंड उघडायचं असतं. रीत ओळखीचीच होती, वाक्यं तेवढी जमवायची होती.

पाठ्यपुस्तकातल्या शब्दांच्या याद्या मी बाजूला ठेवल्या. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यात आई दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकोनात खाली मी त्या दिवसाच्या हवेचं एक इंग्रजी वाक्य लिहायला लागले. चौकोन लहान, त्यामुळं वाक्यही लहानच बसायचं. सकाळी भुरभुर असली की 'इट्स ड्रिझलिंग'. एखादी सर येऊन गेली की 'वी हॅड अ शॉवर'. मुसळधार असला की 'इट्स पोअरिंग'. चार दिवस झड लागली की 'इट हॅज बीन रेनिंग फॉर डेज', आणि उघडीप मिळाली की 'इट हॅज क्लिअर्ड अप'. लिहिलेलं वाक्य बसची वाट बघताना दोनदा मोठ्यानं म्हणायचं, एवढाच अभ्यास.

व्याकरणात खरी अडचण एकच वाटली. मराठीत पाऊस येतो, पडतो, जातो. कन्नडमध्येही 'मळी बंतु', म्हणजे पाऊस आलाच. इंग्रजीत मात्र पुढं 'इट' उभं करावं लागतं, आणि त्या 'इट'ला स्वतःचा काही अर्थ नसतो. 'इट्स हॉट', 'इट्स क्लाउडी', 'इट्स गेटिंग डार्क', सगळीकडं तेच. हे एकदा जिभेवर बसलं की निम्मं काम झालं. शेजारच्या टेबलावरच्या कन्नड माध्यमातल्या मैत्रिणीलाही तिथंच अडायचं, म्हणून आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून आभाळ बघून एकमेकींना विचारत राहायचो.

कानाची सवय व्हावी म्हणून ब्रिटनचे हवामान अंदाज ऐकले. त्यात 'रेन' आणि 'शॉवर्स' वेगवेगळे असतात. आभाळ भरून सलग पडतो तो रेन, आणि मध्ये ऊन पडून पुन्हा येतात ते शॉवर्स. 'सनी स्पेल्स' म्हणजे अधूनमधून पडणारं ऊन. आपल्या हवामान खात्याच्या भाषेत 'हेवी रेन'लाही माप आहे, चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा जास्त. 204.4 च्या वर गेला की 'एक्स्ट्रीमली हेवी'. हे कळल्यापासून मी ऑरेंज अलर्ट आणि रेड अलर्ट यांबद्दल नीट सांगू शकते. अमेरिकेचा ग्राहक असला तर तापमान फॅरनहाइटमध्ये येतं. मी दोनच आकडे पाठ केले, 68 म्हणजे आपले 20 आणि 86 म्हणजे 30. बाकी अंदाजानं भागतं. 'कॅट्स अँड डॉग्ज'वाला वाक्प्रचार शाळेत सगळ्यांना घोकून घेतात, पण मला तो फोनवर कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालेला नाही. त्यावर वेळ घालवू नये.

जुलैत एकदा पलीकडून विचारलं, "स्टिल रेनिंग देअर?" मी खिडकीतून बघत सांगितलं की थांबायचं नाव नाही, बळ्ळारी नाला भरलाय आणि आमच्या भाताच्या शेतात पाणी शिरलंय. ते चुकचुकले आणि विचारलं, भात वाचेल का? मग मी आप्पांचं सांगितलं. आप्पा नक्षत्रावर पाऊस ओळखतात, पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. 'यंग रेन' आणि 'ओल्ड रेन' ऐकून ते थांबलेच, आणि म्हातारा पाऊस केव्हा सुरू होणार म्हणून त्यांनी तारीख विचारून घेतली. साधारण वीस जुलै, मी म्हटलं. पुढच्या फोनवर आधी त्याचीच चौकशी झाली, डिस्पॅच नंतर. घरी सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "त्यास्नी सांग, यंदा म्हातारा बी जोरात हाय."

आता ऑफिसात नव्यानं आलेल्या पोरींना मी हाच रस्ता दाखवते. आपल्या जिल्ह्यासारखी सरावाची जागा शोधून सापडायची नाही. कणकुंबीकडची पोरगी आठवडाभर सूर्य दिसला नाही म्हणते, त्याच दिवशी अथणीची म्हणते आमच्याकडं नुसते ढग येऊन जातात, आणि निपाणीची मधलं काहीतरी सांगते. मग 'हेविअर दॅन', 'नॉट ॲज वेट ॲज' आपोआप तोंडात येतं. अथणीच्या पोरीला पावसाची वाक्यं कमी पडतात, म्हणून तिला सध्या मी 'ड्राय स्पेल', 'डस्टी' आणि 'स्कॉर्चिंग' दिलेत, आणि उद्या पहिला फोन तीच उचलणार आहे.