अर्धा र

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीत सगळे लॅपटॉप मिटून बस पकडायला पळत होते आणि मी एका अर्ध्या र कडे बघत बसलो होतो.

आमच्या क्लायंटचं एक ॲप आहे, खतं-बियाणं विकणाऱ्या दुकानदारांच्या ऑर्डरी घ्यायचं, सगळं मराठीत. त्याच्या नऊ दिवस आधी जिरावर, म्हणजे तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर (फोडणीचं नाही, पण ठसका तोच) तिकीट आलं की सर्चमध्ये कऱ्हाड टाकलं की तिथली निम्मी दुकानं दिसतच नाहीत. टेस्टिंगवाल्यांनी तीनदा 'आमच्याकडे होत नाही' लिहून बंद केलं, आणि होणार कसं, ते बिचारे मराठी टाइपच करत नव्हते, रेकॉर्डमधलंच नाव कॉपी करून सर्चमध्ये चिकटवत होते. मॅनेजर म्हणाला डेटाचा इश्यू आहे, क्लायंटकडे ढकल. मीही ढकलणार होतो खरं तर.

पण तिकिटात कऱ्हाडच्या डेपोतल्या मॅडमचा नंबर होता, म्हणलं एक फोन करून बघू.

"सर, मी काय चुकीचं लिहिते का? कऱ्हाडच लिहिते की मी!" आवाजात नऊ दिवसांचा वैताग होता. म्हणलं मॅडम, तुम्ही जसं लिहिता तसंच मला व्हॉट्सॅपवर पाठवा, बाकी काही नको. आलं. ते उचललं, शेजारी डेटाबेसमधलं ठेवलं, डोळ्याला दोन्ही शब्द जुळे भाऊ. लांबी मोजायला लावली तर एक ६ आणि एक ७!! अंगावर काटा आला राव. असल्या क्षणासाठीच बाकीच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगा, ट्रॅफिक आणि रात्री साडेनऊचे कॉल माणूस सहन करतो बहुतेक.

भानगड अशी की आपला 'ऱ्ह' मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, दोन वाटांनी लिहिता येतो. एक, मुळातच नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलंत (पाय मोडायचं चिन्ह), इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो ऱ शिफ्ट जे ला आहे. दुसरी, साधा र, हलंत, आणि पुढे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारं एक अक्षर, इमोजीत आई-बाप-पोर एकत्र चिकटवायला वापरतात तेच. स्क्रीनवर चित्र सारखंच उमटतं, पण साठवताना, यूटीएफ-८ मध्ये, एक शब्द १८ बाइटचा आणि दुसरा २१ चा, त्यामुळे आमच्या सर्चच्या लेखी ही दोन वेगळी गावं. दुकानं भरताना कोणी एका कीबोर्डवरून भरली, कोणी दुसऱ्या.

एआयला विचारलं. त्याने आत्मविश्वासाने सांगितलं एनएफसी नॉर्मलायझेशन लावा, म्हणजे युनिकोड ज्यांना एकच मानतं ती रूपं एकसारखी होतात. लावलं, काही फरक नाही, कारण युनिकोड या दोघांना एक मानतच नाही. मग म्हणे ते अदृश्य अक्षर सरळ उडवून टाका. उडवलं की अर्ध्या र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणजे डोंगरातल्या 'दऱ्या'चा थेट 'दर्या', म्हणजे समुद्र! त्या बिचाऱ्याला काय माहीत, पण मला शाळेत आचार्य आणि आचारी शिकवणाऱ्या बाईंची आठवण आली, स्वयंपाक्याला द्यायचं ते 'आचाऱ्यास' आणि गुरूला द्यायचं ते 'आचार्यास'. शेवटी तीन ओळी लिहिल्या, र-हलंत-जॉइनर दिसलं की ऱ-हलंत कर, सेव्ह करताना पण आणि शोधताना पण, आणि जुन्या डेटावरून एकदा फिरव. झालं.

झालं कसलं. कोड तपासायच्या रिव्ह्यूला परदेशातल्या सीनियरने विचारलं, ही एज केस, म्हणजे क्वचित येणारी अडचण आहे ना, पुढच्या क्वार्टरला घेऊ? आता शेतकऱ्यांच्या ॲपमध्ये 'शेतकऱ्यांना' हा शब्द एज केस कसा ते मी त्याला चार पॅरेग्राफ लिहून समजावलं, कोड तीन ओळींचा आणि समजावणी चार पॅरेग्राफ! मग दोन अप्रूव्हल, मग रिलीज फ्रीज (म्हणजे काही दिवस नवीन काही सोडायचं नाही), असं करत बुधवारी गेलं एकदाचं. डेमोत टाळ्या नवीन चॅटबॉटला पडल्या (तो कऱ्हाडला कराची समजला होता, असो), माझं 'किरकोळ दुरुस्ती' खाली एका ओळीत, कामाच्या हिशोबात एक पॉइंट.

गुरुवारी सकाळी मॅडमचा व्हॉइस मेसेज आला, मागे टेम्पोचा हॉर्न. "सर, सगळी दुकानं दिसली, लई बरं झालं. आता ते कोरेगावचं बघा की, दोन हायत तिकडं पण."

कोरेगावात अर्धा र नाही. बघितलं तर एकाच्या शेवटी स्पेस होती.