८१वं मिनिट

काल दादाशी खोटं बोलले. तसं मोठं खोटं नाही. त्याचा मेसेज आला, 'बघितलास??' आणि मी लगेच लिहिलं, 'हो रे! काय गोल!' तेव्हा माझा टीव्ही बंद होता. दिवा मालवून मी अंथरुणावर पडले होते, आणि आपल्या फुटबॉल क्लबचा सामना आपण हरलोच असं धरून चालले होते.

८१व्या मिनिटाला बंद केला. मिनिट नेमकं आठवतं, कारण बराच वेळ मी खेळाकडे बघतच नव्हते, पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होते. ०–१. आमच्या सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने, बॉल गोलीकडे (गोलकीपरकडे) दिला, गोलीने उजव्या फुलबॅककडे, त्याने परत सेंटर बॅककडे, तिथून पुन्हा गोलीकडे. एक गोल मागे, नऊ मिनिटं उरलेली, आणि ही मंडळी आपापसात बॉल फिरवत होती. तेवढ्यात स्टेडियममधून तो आवाज आला. शिव्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. हजारो माणसांनी एकदम सोडलेला सुस्कारा. तो ऐकला आणि माझा हात रिमोटकडे गेला.

रागाच्या भरात बंद केला असता तर आज इतकं लागलं नसतं. राग आला की मी उभी राहून बघते, खोलीत फेऱ्या मारते, पण बघते. काल मी अगदी शांतपणे बंद केला, रिकाम्या खोलीतला दिवा जाता जाता बंद करावा तसा.

असं आजवर कधी झालं नव्हतं. आपण खालच्या लीगमध्ये गेलो त्या वर्षीसुद्धा नाही. त्या वर्षीचा तो ०–४ मी शेवटच्या शिट्टीपर्यंत बघितला होता. सगळं संपलेलं असताना, फक्त आमची पोरं मैदानाबाहेर कशी जातात, मान वर असते की खाली, एवढ्यासाठी. त्या मॅचला बसले होते आणि कालच्या मॅचला नाही. सीझनच्या ३८ सामन्यांतल्या तिसऱ्या सामन्याला!

दादाने मेसेजवर न थांबता फोनच केला. हल्ली तो फोन करत नाही. आम्ही दोघं आता फुटबॉलपुरतंच बोलतो, तेही लिहून. त्याचं कारण त्यालाही माहीत आहे, मलाही. असो. काल मात्र फोन आला आणि आवाज अगदी जुना, कॉलेजातला. "९५व्या मिनिटाला गं! कॉर्नर येताना मला वाटलंच होतं!" मी 'हो ना, हो ना' करत राहिले. आवाजात आनंद आणत होते. आनंद झालाही होता, पण तो ऐकीव. मग तो म्हणाला, "आणि नंतर त्या पोराने काय केलं ते बघितलंस ना? मला भरून आलं एकदम." मी म्हटलं, "हो ना."

कोणत्या पोराने? काय केलं? तेव्हाच विचारलं असतं तर दोन वाक्यांत मोकळी झाले असते. नाही विचारलं. फोन ठेवल्यावर झोप येईना.

माझं मन इतक्या लवकर का उठलं, हे मला खरंच कळून घ्यायचं आहे. थकले होते, आठवडा वाईट गेला होता, हे सगळं आहे. पण थकलेली मी आधीही बसले आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात किती वेगळी होते मी. सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी लीगचं गुणांचं टेबल उघडून बघायची माझी जुनी सवय. वीसच्या वीस क्लब शून्यावर, मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेले. गेल्या वर्षीचा विजेता आणि नुकताच वर आलेला क्लब एकाच पायरीवर. वर्षातून तेवढाच एक दिवस कुणीही कुणाच्या पुढे नसतं. मला ते टेबल फार आवडतं. नवा स्ट्रायकर आला होता, प्री-सीझनमध्ये त्याने तीन गोल मारले होते, आणि प्री-सीझनला काही अर्थ नसतो हे दर वर्षी माहीत असूनही ते तीन गोल मी पुन्हा पुन्हा पाहिले. मग पहिला सामना ०–१. दुसरा घरच्या मैदानावर ०–३. आणि त्यानंतर तीन दिवसांत आमचा ८ नंबरचा खेळाडू विकला.

सीझन सुरू झालेला असताना ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे खेळाडू घ्यायची-विकायची मुदत, उघडी ठेवतात, हे मला कधीच पटलेलं नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये आपल्या लीगने, इंग्लंडच्या प्रीमियर लीगने, ती पहिल्या सामन्याआधीच बंद केली होती. किती बरं वाटलं होतं! जो आहे तो आपला, आता खेळा. पण युरोपातल्या इतर लीगच्या खिडक्या उघड्याच राहायच्या. तिकडचे क्लब आपले खेळाडू नेऊ शकत होते आणि आपल्याला बदली माणूस घेता येत नव्हता. म्हणून २०२० पासून पुन्हा जुनंच. त्यामुळे ऑगस्टभर कोण खेळाडू मनाने इथे आहे आणि कोणाची बॅग भरलेली आहे हे कळत नाही. ८ नंबरबद्दल मात्र आज लिहिणार नाही. त्याच्या जागी काल जो उभा होता, त्याचा काहीच दोष नाही.

पहिली मॅच हरलो त्या रात्री दादाने एकच ओळ पाठवली होती, 'युव्हेंटस २०१५'. आमच्यात हे वर्षानुवर्षं चालतं. तो धीर देणारी वर्षं फेकतो, मी धास्तीची. इटलीतली युव्हेंटस तेव्हा पहिले दोन्ही सामने हरली होती, पहिल्या दहा सामन्यांत फक्त १२ गुण होते. पुढे ओळीने १५ सामने जिंकले आणि ९१ गुणांनी लीग घेतली. मी उत्तर दिलं, 'ब्लॅकपूल २०१०'. पहिल्याच सामन्यात विगनच्या मैदानावर ४–० ने जिंकले आणि मे महिन्यात खाली गेले. दुसऱ्या पराभवानंतर त्याने आर्सेनल २०२१ काढलं: तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही, नऊ खाल्लेले, टेबलात तळाला. शेवटी पाचवे. मी म्हटलं, हल सिटी. २००८–०९ मध्ये पहिल्या ९ सामन्यांत २० गुण, आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर हरवलेलं, आणि उरलेल्या २९ सामन्यांत मिळून १५ गुण. कसेबसे वाचले.

त्यावर दादाने हुकमाचा एक्का टाकला. क्रिस्टल पॅलेस, २०१७. पहिले सातही सामने हरले आणि त्या सात सामन्यांत एक गोलसुद्धा नाही. सात सामने म्हणजे साडेदहा तास! चार सामन्यांनंतरच मॅनेजर बदलला होता. आठवा सामना गतविजेत्या चेल्सीशी, तो २–१ ने जिंकले आणि सीझनच्या शेवटी ४४ गुणांवर अकरावे आले. मी त्या सात आठवड्यांतल्या त्यांच्या लोकांचा विचार करते. सहाव्या पराभवानंतर सातव्या सामन्याला जाणारा माणूस घरातून निघताना स्वतःशी काय म्हणत असेल? आठव्या दिवशी चेल्सी हरणार आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आपल्याला ती वर्षं शेवटाकडून दिसतात, म्हणून ती धीर देतात. तो मात्र सुरुवातीकडून चालत होता.

एका विजयाचे तीन गुण, म्हणजे तीन सामने हा ११४पैकी ९ गुणांचा हिशोब. शितावरून भाताची परीक्षा करायची तर निदान भात शिजलेला तरी हवा. हे मी दुसऱ्या कुणालाही तावातावाने सांगितलं असतं. आणि तरीही ८१व्या मिनिटाला मी फक्त तो सामना नाही, अख्खा सीझन बंद केला. खरं ते हेच. मनात मी मे महिन्यात जाऊन पोचले होते, खाली गेलो होतो, रडून झालं होतं. आधीच हरून घेतलं की पुन्हा कुणी हरवू शकत नाही, असं काहीतरी. उमेद धरून बसण्याची भीती वाटली मला. या वर्षी आणखी कशाची वाट बघायची ताकद नाही, असं वाटलं आणि फुटबॉल हाताशी होता, म्हणून त्यालाच बंद केलं.

आणखी कशाची, ते इथे लिहीत नाही.

२०१२ ची ती मॅच आठवते. मँचेस्टर सिटी विरुद्ध क्वीन्स पार्क रेंजर्स, शेवटचा दिवस, लीग जिंकायची तर सामना जिंकायलाच हवा आणि ९० मिनिटं झाली तेव्हा सिटी १–२ ने मागे. त्यांचे कितीतरी लोक तेव्हा उठून बाहेर पडले होते. मग ९२व्या मिनिटाला झेकोचा गोल, आणि ९३ मिनिटं २० सेकंदांना अग्वेरोचा, आणि लीग सिटीची. बाहेर पडलेल्या त्या लोकांबद्दल मी आजवर किती कठोर बोलले आहे. "जायचं होतं तर आले कशाला?" हे माझंच वाक्य. चव्वेचाळीस वर्षं वाट बघितलेली माणसं होती ती. कदाचित त्यांना बघवतच नव्हतं. आज त्यांच्याबद्दल ते वाक्य तोंडातून निघणार नाही.

आणि मला नियम माहीत नव्हता असंही नाही. २०२२ च्या विश्वचषकापासून वाया गेलेला वेळ नीट मोजून द्यायला लागले. इंग्लंड–इराण सामन्यात पहिल्या हाफलाच १४ मिनिटं जोडली होती. २०२३ पासून प्रीमियर लीगमध्येही तेच. ८१ म्हणजे आता नऊ मिनिटं नसतात, पंधरा असतात, कधी जास्त. काल तर त्यांचा गोली दुसऱ्या हाफमध्ये दोनदा पायात गोळा आला म्हणून झोपला होता. तो वेळ मिळणार हे मला कळत होतं. कळत असून उठले.

आज सकाळी टेबल बघितलं. एक गुण, अठरावे. आता दोन आठवडे देशांचे सामने, लीग बंद. म्हणजे दोन आठवडे आपण अठरावेच राहणार. सकाळी याचंही फार वाईट वाटलं. दुपारपर्यंत ते ओसरलं. अठरावे तर अठरावे. ०–१ असतं तर शून्य गुणांवर तळाला असतो. मी नसताना पोरांनी एक गुण आणला आहे. माझ्या बघण्या-न बघण्यावाचून त्यांचं काही अडलं नाही, हे मनात आलं तेव्हा वाईट वाटायला हवं होतं, पण हलकं वाटलं. मी बंद केलं म्हणून काही बंद पडलं नाही. गुण मलाही मिळाला. गोल तेवढा मिळाला नाही.

सामना रेकॉर्ड झालेला होता. दिवसभर तो लावला नाही. निकाल माहीत असलेला सामना बघून कालची रात्र भरून येणार नव्हती. पण 'त्या पोराने काय केलं' हे डोक्यातून जाईना. संध्याकाळी लावला. ८१ पासूनच लावला, पुढे न पळवता. इतकं तरी देणं होतं.

८१ नंतर पाच मिनिटं तसाच कंटाळवाणा खेळ. ८६व्या मिनिटाला मॅनेजरने अकादमीतल्या त्या पोराला लेफ्ट बॅक म्हणून उतरवलं. एकोणीस वर्षांचा आहे, लीगमधला पहिलाच सामना. बाहीची कड तो सारखी मुठीत धरत होता. पहिलाच पास चुकला. पुन्हा तो सुस्कारा. मग चौथ्या रेफ्रीने बोर्ड वर केला, सहा मिनिटं. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला, पायऱ्यांवर लोक उतरत होते. मीही त्यांच्यात दिसेन असं वाटलं क्षणभर.

कॉर्नर मिळाला तो त्या पोराच्याच क्रॉसवर. कॉर्नर आला, आमच्या सेंटर बॅकने, त्याच ज्याने मागे मागे पास दिले होते, डोकं लावलं, बॉल खांबाला लागून आत. १–१. सगळे कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावले, एकावर एक पडले. मॅनेजरसुद्धा धावला. आणि त्या गर्दीत तो पोरगा नाही. कॅमेऱ्याने त्याला टिपलंही नाही नीट, तो पडद्याच्या कडेला दिसतो. एकटा गोलच्या जाळीत शिरला आहे. बॉल जाळीत अडकलेला, तो ओढून काढतोय. काढला, काखेत मारला आणि सुटला मधल्या वर्तुळाकडे. धावता धावता मोकळ्या हाताने बाकीच्यांना बोलावतोय, चला, चला. मधोमध बॉल ठेवला आणि वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला.

इथे मी थांबवलं आणि कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. ९५:४१. सहा मिनिटं दिली होती.

१९ सेकंद उरले होते.

फोन उचलला आणि दादाला लावला. त्याने 'हॅलो' म्हणायच्या आत म्हटलं, "दादा, मी काल बघितलं नव्हतं. आत्ता बघितलं." तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बॉल ओढताना त्याचा बूट जाळीत अडकला होता, ते दिसलं का?"

ते मला दिसलं नव्हतं. फोन चालू ठेवूनच मी मागे घेतलं.