दहा वाजता माईक बंद

भुसावळात डिसेंबरात चार माणसं जमवायची तर भरीत लागतं. आमचं मंडळ फुटबॉलवेड्यांचं असलं तरी त्याला इलाज नाही. फुटबॉलच्या नावाने देणगी मागितली की लोक खिशातून वीसची नोट काढतात, भरिताचं कुपन म्हटलं की घरातल्या सगळ्यांची मोजून घेतात. म्हणून दरवर्षीच्या संमेलनात पडद्यावरची मॅच फुकट आणि पैसे भरिताचे, हा नियम. वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी आधी काढायची आणि पावतीपुस्तकाला नंबर टाकून घ्यायचे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ हे सगळं होतं, पंधरा मिनिटांत उरकतं.

वांगी बामणोदची, हिरवी, मोठी. उचलल्यावर हाताला हलकं लागेल ते घ्यायचं. जड निघालं की आत बिया, आणि बियांचं भरीत कडवट. शंभर पानांना पस्तीस किलो धरायची, भाजून सोलून त्यातलं निम्म्याच्या आसपास राहतं. प्रत्येक वांग्याला सुरीचे दोन-तीन टोचे द्यायचे, नाहीतर जाळात फटकन फुटतं आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या शर्टावर येतं. काड्या तुरीच्या नाहीतर कपाशीच्या, पण मागच्या हंगामाच्या. डिसेंबरात शेतात कपाशी उभीच असते, आणि त्यातल्या ओल्या पऱ्हाट्या कोणी उत्साहाने उपटून आणल्या की नुसता धूर. सालं काळी होतात, गर कच्चा राहतो. सोलताना हात पाण्यात बुडवायचा, वांगं नाही. वांगं धुतलं की जाळाचा वास गेला, मग घरच्या गॅसवरच भाजायचं होतं की! ठेचायचं लाकडी बडगीत, मुसळीने. एका वर्षी घाईत मिक्सर लावला, त्याची खळ झाली आणि लोक अजून ऐकवतात. तेलात लसूण, भाजलेल्या हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, वर कांद्याची पात आणि कोथिंबीर. मीठ सगळ्यात शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. सोबत कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, खडा मीठ घालून एकत्र दळलेलं. हे पीठ दोन दिवस आधी दळावं, महिनाभर आधी नको.

पडदा मांजरपाटाचा, बारा फूट रुंद, सात फूट उंच. खालच्या शिवणीत पाइप घालायचा, नाहीतर वाऱ्याने पोट सुटतं आणि गोलकीपर जाडा दिसतो. प्रोजेक्टर आणि भट्टीजवळचे हॅलोजन एकाच बोर्डावर नकोत. आणि मॅच डिशवरून घ्यायची. मोबाइलवरचं चित्र अर्धा मिनिट मागे असतं, कोपऱ्यावरच्या पानटपरीवर आधी आरडाओरडा होतो आणि आपला खेळाडू अजून हाफलाइनवरच.

१८ डिसेंबर २०२२ ला हे सगळं नीट जमलं होतं. कतारचा वर्ल्ड कप हिवाळ्यात, भरिताच्या ऐन हंगामात आला, फायनल आपल्याकडे रात्री साडेआठला. अर्जेंटिना २-० ने पुढे, आणि दहा वाजले. दहानंतर स्पीकर बंद, हा कायदा. आवाज बंद झाला. नेमक्या त्यानंतर ८० आणि ८१ व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेचे दोन गोल. पडद्यावर माणसं नाचताहेत, मैदानात चिडीचूप. तेव्हा मागच्या खुर्चीवरून आमचे गार्डबाबा बोलायला लागले. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे अमळनेरकडचे, म्हणून अहिराणीत. आमच्याकडे लेवा बोली जास्त, त्यामुळे सुरुवातीला पोरं हसली. नंतर कोणी हसलं नाही.

त्या वर्षापासून दर संमेलनात तेच होतं. पडदा गुंडाळलेला, माईक बंद, आणि गार्डबाबा त्या फायनलच्या जादा वेळेतल्या ११८ व्या मिनिटापासून शेवटच्या पेनल्टीपर्यंत सगळं तोंडी सांगतात. नावं घेत नाहीत, नंबर घेतात. अडचण अशी की दोन्हीकडचा दहा नंबर तितकाच मोठा. म्हणून अर्जेंटिनाचा मेस्सी ‘पट्टावाला दहा’ आणि एम्बापे ‘निळा दहा’. ३-३ झाल्यावर आवाज खाली येतो. जादा वेळेचाही वेळ संपलेला, आणि फ्रान्सचा बारा नंबर एकटाच गोलसमोर. “देख, देख, एकला ऊना रे भो...” इथे ते थांबतात. किती थांबतात ते कोणी मोजलेलं नाही, पण भाकरीवाल्या बायकाही परातीवरचा हात थांबवतात. मग स्वतःचा डावा पाय, गुडघा दुखत असतानाही, बाजूला ताणून: “पाय आडा घाला!” अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझ, त्याने तो गोल वाचवला हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी दरवर्षी श्वास सुटल्याचा आवाज येतो. शेवटच्या पेनल्टीला ते काहीच बोलत नाहीत. चार नंबर म्हणजे अर्जेंटिनाचा माँटिएल. तो चेंडू ठेवतो, मागे जातो, आणि बाबा फक्त शिट्टी वाजवतात, गाडी सोडताना वाजवायचे तशी लांब.

हे ऐकायला किती जण असतात? तीनशे कुपनं गेलेली असतात, दहानंतर चाळीस डोकी. ब्राझीलवाले तर हात धुऊन थेट गाडीला किक मारतात. त्यांचा संघ त्याच स्पर्धेत क्रोएशियाकडून पेनल्टीवरच गेला, दुखणं समजू शकतो, पण भरीत दोनदा घेताना ते दुखत नाही.

शिट्टीनंतर लगेच हिशेब, तोही गार्डबाबाच वाचतात. सुतळीपासून काडेपेटीपर्यंत. उरलेल्या पैशांचे चेंडू, यावल-रावेरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांसाठी. लहान मुलांना चार नंबरचा, बारा वर्षांच्या पुढे पाच नंबरचा. शिवलेला चकचकीत चेंडू फोटोत चांगला दिसतो, मुरमावर आणि बाभळीच्या काट्यांत महिनाभरात उसवतो. साच्यातला रबरी घ्यावा. दर शाळेला दोन पंप आणि डझनभर सुया. पंप नसला तर चेंडू दिवाळीनंतर कपाटावर जातो तो तिथेच. सुई कोरडी घातली की व्हॉल्व फाटतो, ग्लिसरीनचा थेंब लावायचा. हवा दगडासारखी भरायची नाही, उन्हात ती आणखी फुगते. हे शिक्षकांना करून दाखवायला सकाळी सातला जीप निघते. जीपमध्ये सात जागा असतात. आजवर एकदाही भरलेल्या नाहीत.

मदत करणाऱ्यांची नावं आम्ही छापत नाही. एकदा छापली, एक राहिलं, त्याचा रुसवा दोन वर्षं चालला. पण माणसं सांगितलीच पाहिजेत. बामणोदहून वांगी निवडून आणणारे अप्पा, जे एकेक हातात तोलतात. भाकरी थापणाऱ्या बचतगटाच्या सहा ताई, आणि सातवी जी फक्त चूल सांभाळते. अर्धंच भाडं घेणारे मंडपवाले. पडद्याला शिवण घालणारे टेलरमामा. पाण्याचे जार देणारा पोरगा. पिठाची गिरणीवाले, जे कळणा दळण्याआधी जातं साफ करतात. जीपचा ड्रायव्हर, तो चेंडूंना हवा भरायलाही बसतो. शाळेचं मैदान देणारे मुख्याध्यापक आणि रात्री एकपर्यंत कुलूप हातात धरून उभे राहणारे शिपाईदादा. डिशची दिशा लावून देणारा केबलवाला. खरकटं काढणारी कॉलेजची पोरं, त्यात दोन ब्राझीलवाले होते हे नमूद करायला हवं.

आणि बडगी ज्यांची, त्या आजी. राहिल्याच होत्या. बडगी धुऊन सावलीत वाळवून परत द्यायची, उन्हात ठेवली की तडकते. यंदा कोणी ठेवली होती ते आम्हाला माहीत आहे.