वापरलेल्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचे सुटे भाग बदलताना : माझा अनुभव

स्वस्त इलेक्ट्रिक गिटारमध्ये उत्पादकाने बचत कुठे केली आहे हे कळले, की आपण खर्च कुठे करायचा हेही बऱ्याच अंशी ठरते. फेंडर या कंपनीच्या स्क्वायर या तुलनेने स्वस्त श्रेणीतील एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार मी पुण्यात घेतली, तेव्हा सर्वांत आधी तिचा नेक, म्हणजे मानेचा लांब दांडा, पाहिला. तो पिळलेला नव्हता, ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतील सळई) व्यवस्थित फिरत होता आणि फ्रेट, म्हणजे नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्या, फारसे झिजलेले नव्हते. यांपैकी काही बिघडलेले असते तर मी ती घेतलीच नसती, कारण नेकच्या दुरुस्तीचा खर्च अशा गिटारच्या किमतीच्या पुढे सहज जातो.

नवे पिकअप (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारे भाग) आधी घ्यावेत असे बहुतेकांना वाटते. माझे मत मात्र वेगळे आहे. मी प्रथम आहे त्याच भागांवर सेटअप केला, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवली. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, नेक बॉडीला मिळतो तेथे तार दाबली आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांमधील फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजली. ही फट साधारण 0.25 मिलिमीटर आणि सतराव्या फ्रेटवर तारांची उंची साधारण 1.6 मिलिमीटर ठेवताच गिटार हाताला पुष्कळ हलकी वाटू लागली.

त्यानंतर राहिला तो सूर टिकण्याचा प्रश्न. तार ओढून वाजवली की ती उतरत असे, आणि याचा दोष सहसा खुंट्यांना दिला जातो. परंतु तार चढवताना नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी, बारीक ‘टिक’ असा आवाज येत असेल, तर तार प्लास्टिकच्या खाचेत अडकते आहे असे समजावे. मी खुंट्या तशाच ठेवून हाडाचा नट बसवून घेतला. तंबोऱ्याची जवारी जशी सावकाश घासून जमवावी लागते, तसेच हेही काम आहे : खाच उथळ राहिली तर सुरुवातीच्या फ्रेटवरचे स्वर चढे लागतात, खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर जेमतेम दिसेल एवढीच फट राहावी. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागत असल्याने हे काम जाणकाराकडे देणेच मला योग्य वाटले, आणि संपूर्ण खर्चात सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच.

विद्युत भागांसाठीची तांब्याची चिकटपट्टी, वायर आणि कपॅसिटर बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळाले. मूळचे छोटे पॉट, म्हणजे आवाज आणि टोन कमीजास्त करणारे फिरते नियंत्रक, काढून मी 250 किलोओहमचे मोठे पॉट बसवले. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या, पिकअपला हेच मूल्य शोभते. 500 किलोओहमचे घेतल्यास आवाज अधिक टोकदार होतो. येथे मापांकडे नीट लक्ष द्यावे लागते. मोठ्या पॉटच्या दांड्यासाठी पिकगार्डची (बॉडीवरील प्लास्टिकच्या पत्र्याची) भोके गोल कानसीने वाढवावी लागली आणि दांड्यावरील दात्यांची संख्या वेगळी असल्याने जुने नॉब चढेनात, म्हणून तेही नवे घेतले. पॉटच्या पाठीवर सोल्डर करण्यास 25 वॉटचे सोल्डरिंग आयर्न अपुरे पडते. पत्रा तापायला वेळ लागतो आणि तोवर पॉटच्या आतील रोधक पट्टी बिघडू शकते. कपॅसिटर मात्र मी साधा 0.022 मायक्रोफॅरडचा वापरला. महागड्या कपॅसिटरवर पैसे घालवावेत असे मला वाटत नाही.

बॉडीतील विद्युत भागांच्या पोकळीत तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडल्यावर पंख्याच्या रेग्युलेटरमुळे येणारी चरचर बरीच कमी झाली. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची घरघर मात्र तिने जात नाही, कारण ती चुंबकीय क्षेत्रातून थेट कॉइलमध्ये येते. त्यासाठी उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवांचा मधला पिकअप लागतो; पिकअप निवडण्याच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थानांवर दोन पिकअपमधील घरघर एकमेकींना रद्द करते. म्हणूनच सुटे पिकअप न घेता मी तिन्हींचा एकत्र संच घेतला.

जुन्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली लोखंडी खुंट (पोल पीस) आणि त्यांखाली सिरॅमिक चुंबक होता, तर नव्यांत खुंट स्वतःच अल्निको 5 चे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचे आहेत. फरक स्पष्ट ऐकू येतो, विशेषतः व्हॉल्यूम थोडा उतरवून हलक्या हाताने वाजवताना. अशा चुंबकांची तारांवरील ओढ मात्र जास्त असते, त्यामुळे पिकअप फार वर घेतल्यास जाड तारेचा स्वर वरच्या फ्रेटवर हेलकावतो. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून बारीक तारेखाली सुमारे 1.6 आणि जाड तारेखाली 2 मिलिमीटर अंतर ठेवून मी सुरुवात केली आणि जाड तारेची बाजू कानाने ऐकत आणखी थोडी खाली नेली.

ब्रिजखालचा जस्ताचा ठोकळा बदलून पोलादी घेण्याचा विचार अजून आहे. या श्रेणीतील काही गिटारींची बॉडी नेहमीपेक्षा पातळ असल्याने पूर्ण लांबीचा ठोकळा मागून बाहेर येतो, शिवाय तारांमधील अंतरही जुळावे लागते. ही दोन्ही मापे माझ्या गिटारशी जुळणारा ठोकळा मिळेपर्यंत जुनाच वापरणार आहे.