त्रेचाळीस टी

मार्शल म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. गोल्फच्या मैदानावरचा मार्शल म्हणजे डोक्यावर टोपी, हातात वॉकीटॉकी, आणि दिवसभर मोठ्या मोठ्या लोकांना हात जोडून एकच सांगणं: साहेब, जरा हात उचला, मागचा ग्रुप खोळंबलाय. मुंबईतल्या एका जुन्या क्लबात मी हे काम अकरा वर्षं करतोय. क्लबाचं नाव घेत नाही, अजून तिथेच नोकरी आहे.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा बारा माळी मैदानावरच राहिले. खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडींच्या शेडमध्ये पथाऱ्या टाकल्या, स्टोव्ह मांडला. त्याला कारण होतं. ग्रीन म्हणजे जिथे कप, बॉल पाडायचं भोक, असतो तो गालिचासारखा भाग. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. आठवडाभर यंत्र फिरलं नाही तर त्याचं कुरण होतं. गोल्फवाले ज्याला ऐटीत बर्म्युडा म्हणतात ती मुळात आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. पाणी लागलं की कुणाच्या बापाला ऐकत नाही. माळ्यांनी चार महिने रोज ग्रीन कापले. खेळायला काळं कुत्रं नव्हतं.

२९ जुलैला राज्य सरकारचा आदेश आला. त्यात गोल्फ, टेनिस, उघड्यावरचं बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब यांना ५ ऑगस्टपासून परवानगी. गोल्फ आणि मल्लखांब एका पंगतीत बसलेले मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

आणि नेमका ५ ऑगस्टला पाऊस कोसळला. ज्यांनी तो दिवस मुंबईत काढला त्यांना सांगायला नको. कुलाब्याला चोवीस तासांत ३३१.८ मिलिमीटर, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आमच्याकडे दोन गुलमोहर आडवे झाले आणि बंकर म्हणजे मुद्दाम केलेले वाळूचे खळगे, त्यांतली वाळू वाहून सगळी तळाला जमली. ती पुन्हा उतारावर चढवून, फांद्या ओढून, पाणी उपसून मैदान उघडायला रविवार, ९ तारीख उजाडली.

तोवर कमिटीची नियमावली तयार होती. गेटवर कपाळाला तापमापक. लॉकर रूम बंद. बॉल धुवायच्या टाक्या उलट्या करून ठेवल्या. स्कोअरकार्ड आणि त्यासोबतच्या बोटभर पेन्सिली कपाटात, स्कोअर मोबाइलवर. पासष्टीच्या वरच्यांनी घरीच थांबायचं. बंकरमधली दाताळी काढून टाकायची, कारण एकाच दांड्याला शंभर हात लागतात. आणि पुढची सूचना येईपर्यंत कॅडी नाहीत.

कपात उभ्या असलेल्या झेंड्याला हात लावायचा नाही हा नियम मात्र सोपा गेला. २०१९पासून गोल्फच्या नियमांत झेंडा कपात ठेवूनच पट करायची, म्हणजे ग्रीनवरून बॉल कपात ढकलायची, मुभा होती. प्रश्न कपाचा होता. कप सव्वाचार इंच रुंद आणि निदान चार इंच खोल असतो. बॉल काढायचा म्हणजे आत हात घालणं आलं, म्हणजे स्पर्श आला. परदेशात पोहायच्या फोमच्या नळ्या कापून कपात बसवतात, असा फोटो कुणीतरी पाठवला. पोहण्याचं सामान ऑगस्ट २०२०मध्ये कुठे मिळणार? शेवटी आमच्या एसीवाल्याकडून पाइपाला गुंडाळतात ती काळी फोमची नळी आणली, कापून झेंड्याच्या काठीभोवती बसवली. बॉल जेमतेम आत बसेल आणि दोन बोटांनी अलगद उचलता येईल एवढीच जागा ठेवली. काम सुबक झालं होतं. फक्त फोम पाण्यावर तरंगतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. रविवारी सकाळी दोन सरी येऊन गेल्या, कप भरले, आणि अठराही ठिकाणी काळी नळी काठीवरून वर सरकून जमिनीबाहेर डोकावत बसली. पहिल्या ग्रुपातले एक साहेब लांबून म्हणाले, "कपात साप आहे का रे?"

पण खरी मजा पहिल्या टीवरच, जिथून पहिला फटका मारतात तिथेच, सुरू झाली होती.

नियमाप्रमाणे बॅगेत बॉल मारायच्या जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. यातली कुठली कधी घ्यायची हा या खेळातला निम्मा हिशोब. तो हिशोब आमचे बरेचसे मेंबर कधी करतच नव्हते, त्यांचा कॅडी करत होता. हात मागे केला की हातात काठी येते, एवढंच त्यांना माहीत. त्या दिवशी एक साहेब तिसऱ्या होलवर हात मागे करून तसेच उभे राहिले. नजर बॉलवर, हात मागे. तीन-चार सेकंदांनी लक्षात आलं तसा हात खाली घेतला आणि मनगटावरचं घड्याळ बघितल्यासारखं केलं. मी दुसरीकडे पाहिलं. अकरा वर्षांत हे तरी शिकलोय.

सातव्या होलवरून वॉकीटॉकीवर बोलावणं आलं. बंकरमध्ये भांडण. एकाचा बॉल आधीच्या कुणाच्यातरी बुटाच्या खोल ठशात जाऊन बसलेला. त्याचं म्हणणं, बॉल उचलून बाजूला ठेवू द्या, हा अन्याय आहे. दुसऱ्याचं म्हणणं, पडला तसा खेळ. नियमाने दुसरा बरोबर. ठसा दुसऱ्याचा असला तरी फुकट सुटका नाही.

मी म्हटलं, "साहेब, नोटिशीत लिहिलंय. दाताळं नाही म्हणून प्रत्येकाने बाहेर पडताना पायाने नाहीतर काठीने वाळू सारखी करायची."

"मग करत का नाहीत लोक?"

"आपण मघाशी चौथ्याच्या बंकरमध्ये होतात ना साहेब?"

हे बोललो आणि जीभ चावली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग बुटाकडे पाहिलं. बुटाला ओली वाळू होती. पुढे काही न बोलता बॉल होता तसा खेळले. तो बंकरमध्येच राहिला.

बाकीचे ग्रुप संध्याकाळपर्यंत येत राहिले. मी मैदानभर फिरून एकच गोष्ट बघत होतो, आणि खरं सांगतो, मलाही ती त्या दिवशीच कळली. टीपासून ग्रीनपर्यंतच्या गवताच्या पट्ट्यावर, फेअरवेवर, कुदळीने जमीन उकरावी तसे डिव्हट उघडे पडलेले. डिव्हट म्हणजे काठीने गवताचा तुकडा उडून पडलेली खाच. वास्तविक त्या जागी वाळू भरायची, हरळी कडेकडेने आठवड्या-दोन आठवड्यांत चालून येते. वाळूच्या बाटल्या आम्ही प्रत्येक ट्रॉलीला लावल्या होत्या. भरलेल्या गेल्या, भरलेल्याच परत आल्या. २०१९च्या आधी नियमांच्या पुस्तकात शिष्टाचाराचा वेगळा विभागच असायचा. आता तो पहिल्याच नियमात घेतलाय: मैदानाची काळजी घ्या, डिव्हट भरा, वाळू सारखी करा, बॉलचे खड्डे बुजवा. आमचा क्लब या बाबतीत नावाजलेला. बाहेरून स्पर्धेला येणारे म्हणायचे, तुमचे मेंबर मैदान किती जपतात. जपत होते ते कॅडी. मेंबर पुढे चालू लागला की मागे एक माणूस वाकायचा.

जे मेंबर स्वतः वाकायचे ते बहुतेक जुन्या वळणाचे, सत्तरीतले. ते त्या दिवशी नियमाप्रमाणे घरी.

संध्याकाळी साडेसहाला हेडमाळी मला नवव्या ग्रीनवर घेऊन गेला. पावसाने ग्रीन मऊ झालेलं. उंचावरून आलेला बॉल अशा ग्रीनवर आपटला की वाटीएवढा खड्डा पडतो, त्याला पिच मार्क म्हणतात. लगेच बुजवला तर दोन-चार दिवसांत नाहीसा होतो. रात्रभर तसाच राहिला तर गवत मरतं आणि पंधरा-वीस दिवस तिथे टक्कल दिसतं. हेडमाळी काही बोलला नाही. त्याने खिशातून पांढऱ्या लाकडी टींची, म्हणजे पहिल्या फटक्याला बॉल ज्यावर ठेवतात त्या खुंट्यांची, पुडी काढली आणि एकेका खड्ड्यात एकेक टी खोचत गेला. मीही खोचायला लागलो. त्रेचाळीस भरल्या. एका ग्रीनवर, एका दिवसात.

"भाऊ, चार महिने गालिचा सांभाळला," तो एवढंच म्हणाला.

मी फोटो काढला. उतरत्या उन्हात हिरव्या ग्रीनवर त्रेचाळीस पांढरे ठिपके, एखाद्या दफनभूमीसारखे. तो सेक्रेटरी साहेबांना पाठवला, खाली काही लिहिलं नाही. त्यांनी तो मेंबरांच्या ग्रुपवर टाकला. रात्री दोघांनी ग्रुप सोडला म्हणे.

सोमवारी सेक्रेटरी साहेबांनी बोलावलं. पुढच्या रविवारी मेंबरांना प्रात्यक्षिक द्यायचं ठरलं होतं, खड्डा कसा बुजवायचा, वाळू कशी ओढायची. "तू दाखव," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मला येतं. पण माझ्यापेक्षा चांगलं येणारा माणूस गेटबाहेर कांदे-बटाटे विकतोय."

त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. लांज्याकडचे, तीस वर्षं कॅडी. कॅडी क्लबाच्या पगारावर नसतो. राउंड झाला तर त्याचे पैसे, नाही तर नाही. त्यामुळे मार्चपासून आबांची कमाई शून्य. क्लबाने दोनदा शिधा दिला, काही मेंबरांनी आपापल्या कॅडीला पैसे पाठवले, ते मान्य करायला हवं. पण आबांचे साहेब वारले होते आदल्याच वर्षी. मग आबांनी हातगाडी काढली आणि सवयीने म्हणा की आणखी कशाने, ती क्लबाच्या गेटसमोरच्या फुटपाथवर लावायचे. मी एकटाच उभा असलो की विचारायचे, "बाराव्याच्या ग्रीनला बुरशी आली का रे यंदा?"

रविवारी, १६ ऑगस्टला आबा गेटमधून आत आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट. कपाळावर तापमापक, रजिस्टरमध्ये 'पाहुणा' म्हणून नोंद. तीस वर्षांत पहिल्यांदा.

नवव्या ग्रीनभोवती आम्ही चुन्याचे गोल आखले होते, सहा-सहा फुटांवर, किराणा दुकानांबाहेर असायचे तसे. प्रत्येक गोलात एक मेंबर, तोंडाला मास्क. मधे आबा. एरवी कॅडीची जागा ग्रीनच्या कडेला, बॅग घेऊन, सावलीसुद्धा कुणाच्या बॉलच्या वाटेवर पडणार नाही अशी. आज ते मधोमध, आणि कडेला सगळे साहेब. आबांना ते जाणवलं असावं. पहिल्यांदा आवाजच फुटेना.

मग ते खाली बसले आणि हात बोलायला लागले. दोन दात्यांचा तो छोटा फोर्क त्यांनी खड्ड्याच्या बाहेरच्या कडेला खुपसला.

"साहेब, सगळे इथे चुकतात. खड्डा आहे म्हणून खालून उचकटून वर काढतात. उचकटलं की मूळ तुटतं. वर दिसायला सपाट, दोन दिवसांनी पिवळं. उचलायचं नाही. कडेचं गवत मधे आणायचं. असं." मूठ खड्ड्याकडे ढकलली, गवत किंचित आत सरकलं. फोर्क काढला, दुसऱ्या बाजूने तेच. चारी बाजूंनी. "भाकरीला चीर गेली की कडेचं पीठ दाबून आणतो ना आपण, तसं." मग पटरच्या, ग्रीनवर वापरायच्या काठीच्या, बुडाने दोनदा थोपटलं. खड्डा होता कुठे ते दाखवून सांगावं लागलं.

सातव्या बंकरवाले साहेब तिसऱ्या गोलात होते. म्हणाले, "मी करून बघू?"

बसायला त्यांना वेळ लागला, गुडघे. फोर्क खुपसला आणि सवयीने वर उचकटलाच. आबांचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. सहा फुटांचा नियम. हात पाठीमागे बांधून ते म्हणाले, "नाही साहेब. पुन्हा. बाहेरून आत."

साहेबांनी पुन्हा केलं. "आता?"

"आता बरं. अजून एका बाजूने राहिलंय."

एका खड्ड्याला चार मिनिटं गेली. आबांना वीस सेकंद लागतात. साहेब उठले, शेजारी आठवडाभरापूर्वीचा एक सुकलेला खड्डा होता त्याकडे बघून म्हणाले, "हा कोणाचा?"

"माहीत नाही साहेब," आबा म्हणाले. "बुजवताना विचारायचं नसतं."

वाळूचं प्रात्यक्षिक बारगळलं, पाऊस आला. सगळे क्लबहाउसच्या व्हरांड्यात पळाले. अंतराबिंतर विसरून एकाच छपराखाली उभे राहिले आणि मग आठवण होऊन एकमेकांपासून सरकले.

मी सेक्रेटरी साहेबांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं की आबांना मानधन द्यायचं, बक्षिसी नाही. तसं व्हाउचर तयार होतं: 'मैदान निगा, प्रशिक्षण.' अकाउंटंटने ते काचेच्या खालच्या फटीतून बाहेर सरकवलं. आबांनी कानामागून बोटभर पेन्सिल काढली. स्कोअरकार्डची जुनी पेन्सिल, मार्चपासून जपलेली.

"पेन्सिलची सही नाही चालत," अकाउंटंट म्हणाला.

"मग पेन द्या."

त्याने स्वतःच्या पेनाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि ते खिशात आणखी खोल सरकवलं. मी माझं दिलं. त्यावर सॅनिटायझर मारला, तो कागदावर ठिबकला आणि 'प्रशिक्षण'मधला 'क्ष' पसरला. आबांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं, पैसे मोजले, पेन शर्टाला पुसून परत केलं. पेन्सिल पुन्हा कानामागे अडकवली. तिथे आधीच मास्कची दोरी होती, त्यामुळे ती दोनदा खाली पडली.

"क्लब कधी घेणार आम्हाला?" गेटपाशी त्यांनी विचारलं.

"बघू, पुढच्या महिन्यात म्हणतायत."

"बरं. कांदे घेऊन जा, नाशिकचे आहेत." मी पैसे काढले तर म्हणाले, "आज नको. आज पगार झालाय."