हाडाला हाड, मांसाला मांस

मॅलेगहून सुटलेली बोट साडेतीन तासांनी साउथ उइस्टला लागली तेव्हा पाऊस आडवा झोडपत होता. स्कॉटलंडच्या पश्चिमेचं हे बेट; इथे गेलिक भाषा अजून दुकानात, रस्त्यावर कानावर पडते. मी आले होते 'योलस'साठी. योलस म्हणजे माणसांची, गुराढोरांची दुखणी उतरवणारा मंत्र. शब्दाचा मूळ अर्थ 'ज्ञान'. आपल्या 'वेद'चाही तोच.

मी उतरले त्या घरच्या आजी गोठ्यात घसरून लंगडत होत्या. चहा झाल्यावर त्यांनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एक बी काढून माझ्या तळहातावर ठेवली. काळपट, गुळगुळीत, सुपारीएवढी, आणि एका अंगाला नखाने ओढावा तसा क्रूस. ही मेरीची, म्हणजे येशूच्या आईच्या नावाची बी. मध्य अमेरिकेकडच्या वेलीची, समुद्राच्या प्रवाहाबरोबर तरंगत इथवर येते. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की बायका ती मुठीत धरायच्या. आजींच्या आईनेही धरली होती. मी मूठ मिटून पाहिली; क्रूस बरोबर अंगठ्याखाली आला.

गाईला नजर लागून दूध आटलं, तर चांदीचं पाणी. ज्या ओढ्यावरून जिवंत माणसंही जातात आणि मयतही नेतात, तिथलं पाणी आणून त्यात चांदीचं नाणं टाकायचं आणि ते गाईला पाजायचं. गोठ्याच्या दारावर रोवन झाडाची फांदी. सांगलीला माझी आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून म्हशीची दृष्ट काढायची. याला नुसती अंधश्रद्धा म्हणणं मला जमत नाही. एका गाईवर घर चालायचं, तेव्हाची ही काळजी आहे.

खरी हलले मी लचकेच्या मंत्राने. अलेक्झांडर कारमायकेल या अबकारी अधिकाऱ्याने बेटांवर फिरून असे मंत्र टिपले आणि १९०० साली 'कार्मिना गॅडेलिका' म्हणून छापले. त्यात संत ब्रीजा पहाटे घोड्यांची जोडी घेऊन निघते, एका घोड्याचा पाय मोडतो, आणि ती हाडाला हाड, मांसाला मांस, शिरेला शीर जुळवते. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातलं बारावं सूक्तही मोडलेलं अंग असंच सांधतं: 'मज्जा मज्ज्ञा सं धीयतां, चर्मणा चर्म रोहतु.' मज्जेला मज्जा जुळो, कातडीला कातडी धरो.

आजींना मी ती ओळ म्हणून दाखवली, अर्थ सांगितला. त्यांनी परत म्हणायला लावली. दुसऱ्यांदा म्हणत होते, तेव्हा त्यांचा हात दुखऱ्या गुडघ्यावरून हळूहळू फिरत होता.